लंकेतून आलेली फौजी पत्रं: गठ्ठा सोडण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात फौजी घर शोधायला लांब जावं लागत नाही. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेच्या यादवी युद्धात गेलेल्या जवानांची पत्रं इथल्या पुष्कळ घरांत अजून पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहेत. ती लिहिणारे आज साठी-सत्तरीचे. ज्यांच्या नावानं ती आली त्या आया बहुतेक गेल्या. आता नातवंडं हौसेनं गठ्ठा काढतात. दोरी कापतात, पत्रं तारखेनं लावतात, तिकिटं सोडवतात, दुकानात नेऊन लॅमिनेशन करतात आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. मग विचारतात, "हे पत्र नेमकं कुठून आलं असेल?" तोवर ते कळायची साधनं बहुतेक गेलेली असतात. दोष हौसेचा नाही, क्रमाचा आहे. पुढचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. एखादा टप्पा करायला वेळ नसेल तर तिथंच थांबा, पण पुढच्यावर उडी मारू नका.

टप्पा १: कागदाआधी माणसं

गठ्ठा सोडण्याआधी घरातल्या थोरल्या माणसांपाशी बसा. जवान स्वतः हयात असेल तर त्यांच्यापाशी, नसेल तर त्यांच्या पत्नीपाशी, भावापाशी, थोरल्या आक्कापाशी. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करा आणि त्यांची परवानगी घेतल्याचं त्यातच बोला. पत्रं समोर ठेवू नका. कागद पुढ्यात आला की माणूस आठवणं सोडून वाचू लागतं.

एवढं तरी विचारा: पलटण कुठली, लंकेत कधी गेले, कधी परत आले, सुट्टी कधी मिळाली. घरून पत्र कोण लिहायचं? हा प्रश्न हमखास राहून जातो. आईचं पत्र म्हणून जे असतं ते कित्येक घरांत शेजारच्या शाळकरी पोरानं, मास्तरांनी किंवा टपाल घेऊन येणाऱ्यानंच लिहिलेलं असतं. मजकूर तिचा, अक्षर दुसऱ्याचं. हे माहीत नसेल तर पुढं अक्षरावरून माणूस ओळखताना सगळं चुकत जातं.

घरातल्या नात्यांची यादीही याच बैठकीत करा. आपल्या भागात एका घरात बापाला अण्णा म्हणतात, दुसऱ्या घरात थोरल्या भावाला. अप्पा, तात्या, आबा यांचंही तेच. "अण्णास्नी सांगा, म्हैस विकू नका" या ओळीतले अण्णा कोण हे आज एका वाक्यात कळेल, दहा वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.

थांबा: जवान लढाईत मरण पावला असेल तर त्याच्या पत्नीची स्पष्ट संमती मिळेपर्यंत गठ्ठ्याला हात लावू नका. अशा घरात तार आल्यानंतरही वाटेत असलेली पत्रं येत राहिलेली असतात. काही तशीच बंद ठेवलेली सापडतात. बंद पत्र उघडायचं की नाही हे त्या माऊलीनं ठरवायचं. ती नको म्हणाली तर बंद पत्राचाच दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि विषय तिथं संपवा.

टप्पा २: वेळ, जागा, साहित्य

पावसाळ्यात हे काम काढू नका. कणकुंबी-जांबोटीकडं तर जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथं जुना कागद उघडला की ओल धरतो आणि बुरशी येते. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे कोरडे दिवस चांगले.

जागा अशी हवी की काम अर्धवट सोडून उठता येईल. जेवायच्या टेबलावर मांडलं तर संध्याकाळी घाईनं गोळा करावं लागतं आणि तिथंच क्रम मोडतो.

साहित्य थोडंच लागतं: खळ धुऊन काढलेला मांजरपाट, नवा मऊ रंगाचा ब्रश, मऊ शिशाची पेन्सिल, साधी वही, सुती नाडी, साधे पांढरे कागद आणि फूटपट्टी. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. चहा-पाणी दुसऱ्या खोलीत. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय असलेल्यांना या कामापासून लांब ठेवा. शाईच्या पेनानं लिहिलेली ओळ एका ओल्या बोटानं कायमची पुसते.

सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर आणि लॅमिनेशन या चार गोष्टी घरात असतील तर कपाटात कुलूप लावून ठेवा. लॅमिनेशन केलेलं पत्र पुन्हा सुटत नाही. उष्णतेनं शाई फिकी होते आणि आत अडकलेली ओल कागदाला खात राहते.

टप्पा ३: गठ्ठा आहे तसा नोंदवणं

इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून या टप्प्याला निवांत वेळ द्या.

ट्रंक उघडल्यावर पहिला फोटो ट्रंकेचा. गठ्ठा कुठं होता, त्याच्याबरोबर काय होतं (फोटो, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका) तेही टिपा. मग गठ्ठ्याचा सगळ्या बाजूंनी फोटो. दोरी कापू नका, गाठ सोडवा. कुजलेली रबरबँड कागदाला चिकटली असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी मोकळी होते तेवढीच काढा.

आता वरून खाली, जसं आहे तसं, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. क्रमांक पेन्सिलीनं, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, हलक्या हातानं. पाकिटात पत्र असेल तर दोघांना एकच क्रमांक आणि पुढं "अ", "आ". पाकीट आणि पत्र वेगळं झालं की पत्राची निम्मी ओळख जाते, कारण शिक्का पाकिटावर असतो.

तारखेनं लावायचा मोह होईल. आत्ता नको. कुणीतरी हा गठ्ठा कधीतरी काहीतरी विचार करून बांधलेला आहे. आईनं नवऱ्याची आणि पोराची पत्रं वेगळी बांधली असतील. एखादं पत्र पुन्हा पुन्हा वाचायला वर ठेवलं असेल. जवान गेल्यावर त्याच्या सामानाबरोबर परत आलेली घरची पत्रं एका फडक्यात स्वतंत्र असतील. तारखेची रांग वहीत हवी तेव्हा मांडता येते, मोडलेला मूळ क्रम परत मांडता येत नाही.

मनिऑर्डरच्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका. पैसे मिळाल्यावर जो तुकडा घरी राहायचा त्यावर दोन ओळी लिहायला जागा असे, आणि घाईत असलेला जवान तिथंच सगळं सांगून टाकायचा. "२०० रु. पाठविले. बियाणे घ्यावे. सुखरूप." असा तुकडा कधीकधी दोन पत्रांमधली मोठी पोकळी भरून काढतो. तारेचे कागद, मुलांच्या वहीची फाटकी पानं, पत्त्याच्या चिठोऱ्या यांनाही क्रमांक द्या.

तपासा: वहीतला शेवटचा क्रमांक आणि समोरच्या वस्तूंची मोजणी जुळते का? जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका.

टप्पा ४: उलगडणं

त्या काळातली बहुतेक पत्रं निळ्या आंतरदेशीय पत्रावर आहेत. घड्या घालून कडा डिंकानं चिकटवायच्या, असा तो कागद. घाईनं उघडताना कडेच्या पट्टीबरोबर शब्द फाटून जात. ती पट्टी पुष्कळदा आतल्या घडीतच पडलेली असते. म्हणून पत्र मांजरपाटावर ठेवून उलगडा, हवेत झटकू नका.

धूळ ब्रशनं, मधून कडेकडे. टाचणी गंजून कागदात रुतली असेल तर आधी खाली ताठ प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवा, मग टाचणी हळूहळू मागं घ्या. घडी ताठ झाली असेल तर इस्त्री अजिबात नको. दोन पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक ठेवा आणि आठवडाभर विसरून जा. कसर किंवा वाळवी दिसली तर ते पत्र वेगळ्या बंद पिशवीत ठेवा आणि ट्रंक पूर्ण रिकामी करून पुसा. जुनी सेलोटेप उपटू नका. फाटलेलं घरी जोडू नका, तुकडे एका कागदाच्या पाकिटात एकत्र ठेवा.

टप्पा ५: फोटो किंवा स्कॅन

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, अक्षर फिकं असेल तर ६००. फोन असेल तर दिवसा, सावलीच्या सोप्यात, फ्लॅश बंद करून, फोन कागदाला समांतर धरून. शेजारी फूटपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवा.

आंतरदेशीय पत्राचे फोटो घेताना लोक फक्त आतली बाजू घेतात. बाहेरच्या बाजूला चार गोष्टी असतात: पत्ता, पाठवणाऱ्याचा पत्ता, शिक्के आणि जागा संपल्यावर लिहिलेला मजकूर. शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. आत बापाला "सर्व ठीक आहे" लिहिणारा जवान बाहेरच्या घडीवर किंवा समासात आडवं लिहून भावाला खरं सांगतो. तेव्हा उलगडलेल्या कागदाच्या दोन्ही बाजू पूर्ण घ्या आणि शिक्क्यांचा जवळून वेगळा फोटो घ्या.

व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो मूळ फोटो समजू नका, तो आकसलेला असतो. मूळ फाइल संगणकावर थेट तारेनं उतरवा.

टप्पा ६: तारीख

वहीत तारखेसाठी तीन रकाने करा: लिहिल्याची, टपालात पडल्याची, पोचल्याची. पहिली पत्राच्या डोक्यावर, दुसरी निघाल्याच्या शिक्क्यावर, तिसरी पोचल्याच्या शिक्क्यावर. तिन्ही मिळतीलच असं नाही, पण एकच रकाना ठेवला की तीन वेगळ्या तारखांची खिचडी होते आणि पुढचा आठवा टप्पा करताच येत नाही.

वर्ष लिहिलेलं नसेल तर पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. "म्हैसूर राज्य" लिहिलं असेल तर बहुधा १९५६ ते १९७३ मधलं, कारण राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. बेळगाव जिल्ह्याच्या पत्त्यात "मुंबई राज्य" असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं. चंदगड तालुकाही तोवर बेळगाव जिल्ह्यात होता. म्हणजे लंकेतल्या पत्रांत "म्हैसूर" पत्ता दिसला तर ते पत्र थोरल्या चुलत्याचं, आधीच्या युद्धातलं असण्याची शक्यता मोठी. लोक जुन्या सवयीनं जुना पत्ताही लिहीत राहत, म्हणून एकट्या पत्त्यावर पैज लावू नका.

मायन्यातूनही काळ कळतो. एकाच बाईला आधी "सौ." आणि पुढं "गं. भा." (विधवेच्या नावाआधी लिहीत ते) लिहिलेलं असेल तर घरातलं मरण त्या दोन पत्रांच्या मध्ये बसतं. पोराच्या नावामागचं "चि." कधी गेलं हेही पाहा.

तारखेऐवजी सण असेल तर त्या वर्षाचं पंचांग काढा. १९८७ ची दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली, म्हणजे जाफन्यातली लढाई ऐन भरात होती तेव्हा. "यल्लम्माहून आल्यावर" एवढ्यावर मात्र महिना ठरवू नका, सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा एकाहून अधिक पौर्णिमांना भरते. "रोप लावण झाली", "सुगी आटोपली" याही खुणा टिपा, फक्त गाव बघून. खानापूरकडची भाताची सुगी आणि निपाणीकडचा तंबाखू एका वेळी येत नाही.

थांबा: अंदाजानं ठरवलेली तारीख चौकटी कंसात लिहा आणि पुढं कशावरून ठरवली ते लिहा. पत्रावर स्वतः तारीख घालू नका, पेन्सिलीनंही नाही.

टप्पा ७: ठिकाण

"५६ एपीओ" (आर्मी पोस्ट ऑफिस) हे गाव नाही. ही चूक इतकी पसरलेली आहे की घरच्या वंशावळीतसुद्धा "५६ एपीओ येथे नोकरी" लिहिलेलं सापडतं. फौजी टपालाचा तो मध्यवर्ती पत्ता आहे, ९९ एपीओ हाही तसाच. पलटण कुठंही असो, घरून पत्र त्याच पत्त्यावर जायचं आणि तिथून पुढं वाटलं जायचं. जवान नेमका कुठं आहे हे कळू नये हाच त्याचा हेतू.

ठिकाण काढायचं तर तीन गोष्टी जुळवा: पाठवणाऱ्याच्या पत्त्यातली पलटण आणि कंपनी, शिक्क्यावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक, आणि तारीख. फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर हलायचं, म्हणून एकाच क्रमांकाचा अर्थ वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळा असू शकतो. शांतिसेना लंकेच्या उत्तर आणि पूर्व भागात होती. पत्रात कधी "जाफना", "त्रिंकोमल्ली", "बट्टिकलोवा" अशी नावं हवी तशा अक्षरांत सापडतात, पण बहुतेकदा "इकडे नारळ फार, खारे वारे, पाणी मचूळ" एवढंच. वर्णन जसंच्या तसं नोंदवा, त्यावरून नकाशावर टाचणी टोचू नका.

मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल तर आपलं भाग्य की रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे. नोकरीच्या तपशिलासाठी जवानानं किंवा वारसानं सर्व्हिस नंबर घालून रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करावा. अर्जासोबत मूळ पत्र कधीच जोडू नका, छायाप्रत द्या. महार रेजिमेंट, इंजिनिअर किंवा इतर दलातल्यांनी आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं.

टप्पा ८: सवाल-जवाबाची साखळी

या सगळ्या खटाटोपाचं फळ इथं आहे. बहुतेक घरांत एकाच बाजूची पत्रं उरतात. जवानानं लिहिलेली ट्रंकेत राहिली, घरून गेलेली बंकरमध्ये, मोर्च्यावर, बदलीत हरवली. लोक समजतात की अर्धी गोष्ट गेली. पण उत्तरातून प्रश्न काढता येतो.

वहीत प्रत्येक पत्रासाठी दोन ओळी लिहा: "कोणत्या पत्राचं उत्तर" आणि "यात काय विचारलं". समजा, जवान २० नोव्हेंबरला लिहितो, "आपले २ तारखेचे पत्र १८ ला पोचले. बैल विकू नये, मी पुढील महिन्यात पैसे धाडतो. आईच्या डोळ्याचे काय झाले ते कळवावे." यातून २ नोव्हेंबरचं हरवलेलं पत्र उभं राहतं: ते पोचायला सोळा दिवस लागले, त्यात पैशाची ओढ आहे, बैल विकायचा विचार आहे आणि आईच्या डोळ्याचा त्रास सांगितलेला आहे. पुढच्या पत्रात तो म्हणतो, "बैल दिला ते झाले. वाईट वाटून घेऊ नये." म्हणजे त्याचा निरोप पोचण्याआधीच व्यवहार झालेला. हरवलेल्या पत्रालाही वहीत ओळ द्या, क्रमांकाऐवजी "गहाळ" लिहून.

अशी साखळी लावली की वागण्याचा उलगडा होतो. घरच्यांना वाटतं, "त्यानं आईच्या आजारपणात चौकशीसुद्धा केली नाही." तारखांचे तीन रकाने समोर ठेवले की दिसतं, त्याच्यापर्यंत बातमीच पोचली नव्हती. दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली होती. कित्येक घरांत हा सल अजून आहे. तो कागदावर सुटू शकतो, म्हणून हा टप्पा गाळू नका.

"मी सुखरूप आहे, काळजी नसावी" हे वाक्य प्रत्येक पत्रात असणार. त्याला खोटंही म्हणू नका आणि पुरावाही समजू नका. ते कोणत्या पत्रात नाही, हे शोधा. दोन ओळींचं पत्र, नेहमीच्या हातापेक्षा वेगळं अक्षर, पेन्सिलीनं लिहिलेलं, तारखेत महिन्याचं अंतर: अशा ठिकाणी वहीत खूण करा आणि जवान हयात असेल तर त्यांनाच विचारा. त्यांनी टाळलं तर दुसऱ्यांदा विचारू नका.

टप्पा ९: उतरवून काढणं

ओळीला ओळ, अक्षराला अक्षर. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. "मी यायलोय", "तू काय करायलास" याचं "मी येत आहे" करू नका. त्या माणसाचा आवाज त्याच वळणात आहे. मधे कानडी शब्द असेल तर तसाच ठेवा. शाळा कानडी असलेल्या धाकट्या पोरीनं बापाला खाली कानडीत दोन ओळी घातलेल्या असतात. कानडी वाचणारं माणूस बसवून त्या मूळ लिपीत उतरवा आणि मराठी अर्थ खाली वेगळा द्या. मोडीतलं काही निघालं तर ते बहुधा पणजोबांच्या काळातलं, ते बाजूला ठेवून मोडी जाणणाऱ्याकडं फोटो पाठवा.

न लागलेल्या शब्दासाठी [?], फाटलेल्या जागी [फाटले]. वाक्य आपल्या मनानं पुरं करू नका. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टिपायचं आणि तिसऱ्या दिवशी उलट ताडून बघायचं.

टप्पा १०: ठेवायचं कुठं, दाखवायचं कुणाला

पत्रं उलगडलेल्या स्थितीत, मध्ये पांढरा कागद घालून, मांजरपाटात गुंडाळून, सुती नाडीनं सैल बांधा. डांबरगोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला कागदाला लागू देऊ नका, डाग पडतात. ट्रंक भिंतीपासून दूर, जमिनीवर नको, देवघराच्या दिव्याजवळ नको.

फाइलींच्या तीन प्रती करा: संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडं.

चारचौघांत टाकण्याआधी सर्व्हिस नंबर, पेन्शनचे तपशील आणि पत्ता झाका. नवरा-बायकोची पत्रं त्या दोघांच्या संमतीशिवाय बाहेर नकोत. कागद तुमच्या घरात असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागं वारसांचा. लिहिणाऱ्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर तो मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. हयातीत अप्रसिद्ध राहिलेलं पत्र असेल तर ही साठ वर्षं ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. एखादी संस्था किंवा अभ्यासक मूळ पत्रं मागायला आला तर आधी प्रती द्या. मूळ द्यायचीच ठरली तर क्रमांकासकट यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि कोणती पत्रं लोकांना दाखवायची नाहीत हे त्याच कागदावर लिहून घ्या.

दरवर्षी दसरा झाला की ट्रंक उघडून ओल, कसर, गंज बघा, आणि त्याच दिवशी हार्ड डिस्क जोडून दोन-चार फाइली उघडतात का ते पाहा.